जामीनदाराचं टक्कल

माझे धाकटे दीर म्हणजे माझ्या धंद्याला लागलेला बट्टा. वहिनी केस कापते आणि दिराच्या डोक्यावर औषधालाही केस नाही. "भावोजी, दुकानाच्या दारात उभे राहू नका हो, गिऱ्हाईक बाहेरूनच परत जाईल," असं मी वर्षानुवर्षं म्हणत आले. त्यावर ते शांतपणे म्हणतात, "वहिनी, तुमच्याच शाम्पूची कृपा." असा हा माणूस.

दुकान मी काढलं तेव्हा बँकेला जामीनदार हवा होता. भावोजींनी विचारलं, "सही कुठे करायची?" त्या कर्जातून आरसे आले, बेसिन आलं आणि माझी खुर्ची आली. मागे कलणारी, पायाने वरखाली होणारी, पाठीला जाड गादी असलेली. त्या खुर्चीत बसलेली बाई डोळे मिटते आणि घरातलं सगळं सांगून टाकते. माझा अर्धा धंदा त्या खुर्चीच्या जोरावर.

मग इमारतीला तडे गेले आणि दुरुस्तीसाठी दुकान बंद ठेवावं लागलं. नवऱ्याचा पगार घरभाड्यातच संपायचा. बाकीचं मी कार्डांवर भागवलं, एकाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर. शेवटी मोबाइलवरून कर्ज देणारा एक भेटला. गोड बोलून त्याने केसाने गळा कापला. आयुष्यभर लोकांची हजामत केली, आणि माझी मात्र बिनपाण्याने झाली!

दुकान पुन्हा उघडलं, पण वसुलीचे फोन थांबेनात. एकदा डोक्याला रंग लावून बसलेल्या बाईंच्या देखत तो मेला फोनवरून इतका ओरडला, की त्या रंग न धुताच निघाल्या. हे भावोजींच्या कानावर गेलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी एका वकीलबाईंची वेळ घेऊन टाकली. मला विचारलंसुद्धा नाही.

चष्म्याच्या दुकानावर बाईंची एवढीशी खोली. बाई हुशार, पण कपाळावरचे केस कुणीतरी वाकडे कापलेले. माझे हात शिवशिवत होते.

"मला तुरुंगात टाकतील का?" मी पहिल्यांदा तेच विचारलं.

"कुणाला फसवलंत का? काही लपवलंत?"

"नाही हो!"

"मग नाही. फेडता न येणं हा गुन्हा नाही."

"आणि ते फोन?"

"दिवाळखोरीचा अर्ज दाखल झाला की त्यांनी माझ्याशी बोलायचं. तुमच्याशी नाही."

हे ऐकून छातीवरचा दगडच उतरला. पण एक गोष्ट खुपत होती. "मॅडम, मला कुणी भांडखोर म्हणालं तर चालेल, मी आहेच. पण दिवाळखोर? जसं काही मला त्याची चटकच आहे."

बाई हसल्या. म्हणाल्या, "शब्द मी केलेला नाही. पण या खुर्चीत रोज चांगली माणसं बसतात."

मग मी मुख्य प्रश्न काढला. "माझं कर्ज माफ झालं, की माझे जामीनदार सुटतात ना?"

"नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही सुटता. बँक उरलेलं त्यांच्याकडे मागते."

मी पिशवी उचलली. "मग नको मला ही माफी. येते मी."

"बसा आधी. हप्ते थकलेत ना? मग तुम्ही अर्ज केलात काय किंवा न केलात काय, बँक त्यांच्याकडे जाणारच. अर्ज केला नाहीत तर दोघंही बुडाल, एवढाच फरक. आणि हे त्यांना माहीत आहे. वेळ घेताना फोनवर मी सांगायला लागले तर म्हणाले, सही करण्याआधी सगळं वाचलं होतं. आणि तुम्ही अडून बसलात तर तुम्हाला हे सांगा, असंही म्हणाले. त्यांचा प्रश्न दुसराच होता."

"कुठला?"

"वहिनींची खुर्ची नेतील का?"

मी खाली बसले. मला रडू आलं, चांगलं मोठ्याने. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

"मग," मी नाक पुसत विचारलं, "नेतात का?"

"नाही. ज्या साध्या अवजारांवर तुमचं पोट चालतं, ती तुमच्याकडेच राहतात."

मी सही केली. पुढे कोर्टाने माझी कार्डं, तो मोबाइलवाला, बँक, सगळ्यांतून मला सोडवलं. खुर्ची जागची हलली नाही. भावोजींनी बँकेकडून हप्ते लहान करून घेतले आणि मोटारसायकल विकली. आता बसने येतात, आणि वर मला सांगतात की खिडकीतून वाराच जास्त लागतो. कशाला, केस उडायला?

निकालानंतर मी बाईंना विचारलं होतं, भावोजींचं माझ्याकडे किती लागतं? त्या म्हणाल्या, कायद्याने आता काहीच देणं लागत नाही, स्वखुशीने दिलंत तर कुणी अडवणार नाही. बाईंचे कपाळावरचे केस मी त्याच दिवशी सरळ करून दिले, फुकट.

आता दर रविवारी दुकान बंद करायच्या वेळी मी भावोजींना खुर्चीत बसवते. खुर्ची मागे कलवते, तेल कोमट करते, आणि अंगावर कापड टाकायच्या आधी त्यांच्या शर्टाच्या खिशात पाकीट सरकवते. मग चटकन मानेशी गाठ. कापड बांधलं की माणसाचे हात आत अडकतात, हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात कामाचं ज्ञान.

"वहिनी, कायद्याने तुम्ही माझं काहीही..."

"मान हलवू नका. कान कापला जाईल."

माझ्या हातात कात्री नव्हती, नुसतं तेल होतं. ते त्यांना आरशात दिसत होतं. तरी त्यांनी मान हलवली नाही.