बिशपबाईंसाठी कापलेली सही

मी कात्री. ज्या काचेच्या पेटीपुढे तुम्ही टोप्या काढून, आवाज बारीक करून उभे राहता, त्या पेटीतली. शेजारच्या चिठ्ठीवर लिहिलंय : 'सुप्रसिद्ध कादंबरीकार मिस थिओडोरा विंचकोम यांची शिवणकामाची कात्री.' यातला 'शिवणकामाची' हा शब्द खोटा आहे. तो एका पाद्र्याने लिहिल्यामुळे कुणाला शंका येत नाही, इतकंच.

माझा जन्म पोलादी पात्यांसाठी नावाजलेल्या शेफिल्डचा. बाईंनी मला शिवणासाठी घेतलं हे खरं. पण माझ्याकडून त्यांनी दोन उशांचे अभ्रे बेतले, तेही वाकडे. बाकी आयुष्यभर आम्ही कागद कापला. आज पान लिहायचं, उद्या वाचून 'भिकार!' म्हणायचं, त्यातल्या चार ओळी कापून टाकायच्या आणि तिथे नव्या मजकुराची पट्टी टाचणीने लावायची. एका कादंबरीतल्या पाद्र्यासाठी मी तीनदा चालले. "अजून पुरेसा मूर्ख होत नाहीये गं," असं त्या मला म्हणायच्या. नमुना शोधायला त्यांना लांब जावं लागलं नव्हतं. थोरले बंधू रेव्हरंड ऑब्रे शेजारच्या खोलीतच प्रवचन लिहीत असत.

याच बंधूंनी पुस्तकांवर बहिणीचं नाव येऊ दिलं नाही. घराण्याची अब्रू! पाच कादंबऱ्या 'एका स्त्रीने लिहिलेल्या' म्हणून निघाल्या. त्रेचाळिसाव्या वर्षी बाईंनी अंथरूण धरलं, तेव्हा त्यांनी दुसऱ्या भावाच्या मुलीला, सतरा वर्षांच्या केझायाला, शेवटचं पत्र लिहिलं. टपालहशील वाचवायला तेव्हा सगळे करत तसं कागद दोन्ही बाजूंनी भरला, मग आडवा धरून पुन्हा भरला. सहीच्या बरोबर मागच्या कोपऱ्यात तेवढी जागा उरली होती. तिथे त्यांनी लिहिलं : 'माझ्या थडग्याच्या दगडावर सुशील, सहनशील असलं काही नको. हिने पाच कादंबऱ्या लिहिल्या, एवढंच खोदा. ऑब्रेला आवडणार नाही, म्हणून तुला सांगते.'

ऑब्रेला आवडलं नाही. दगडावर 'सुशील' आलं, 'सहनशील'ही आलं. सतरा वर्षांच्या पोरीचं कोण ऐकतो? केझायाने पत्र पन्नास वर्षं जपलं.

एवढ्या काळात जगाला बाईंचं नाव कळलं होतं. ऑब्रेंचे चिरंजीव रेव्हरंड सेप्टिमस वडिलांच्याच चर्चचे, म्हणजे जिथे बाईंचा दगड आहे तिथलेच, पाद्री झाले होते. संधिवाताने घोड्यावर बसणं सुटलं, कोल्ह्यांची शिकार बंद पडली, तेव्हा त्यांनी आत्याचं चरित्र लिहायला घेतलं. मी त्यांच्या टेबलावर होते. पहिल्याच पानावर त्यांनी लिहिलं, 'आमच्या आत्यांना लेखणीपेक्षा सुई अधिक प्रिय होती.' मला तिथेच गंज चढायला हवा होता.

एका मंगळवारी केझायाबाई पत्र घेऊन आल्या.

"सेप्टिमस, हे अख्खं छापायचं. आणि दगडावर ती ओळ खोदायची. चर्च तुझ्या ताब्यात आहे, आता कुणाची परवानगी हवी तुला?"

"केझाया, आत्या तेव्हा तापात होती गं."

"तापात असून तुझ्या या बाडापेक्षा सरळ लिहिलंय तिने."

"पण वडिलांबद्दल लोक काय म्हणतील?"

"तुझ्या वडिलांना ओळखतो कोण? लोक तिला ओळखतात. म्हणून तर लिहायला बसलायस ना?"

पाद्रीबुवांनी चष्मा पुसला. "बरं, ठेवून जा. नक्कल करून घेतो."

त्याच आठवड्यात बिशपच्या पत्नींची चिठ्ठी आली : माझ्या सह्यांच्या वहीसाठी तुमच्या आत्याबाईंची सही मिळेल का? असल्या वह्यांचं तेव्हा वेडच होतं. भली भली माणसं पत्रांच्या सह्या कापून वाटायची, बागेतली फुलं द्यावीत तशी. टेबलात बाईंची सही असलेली आणखी बावीस पत्रं होती. सेप्टिमसनी हेच उचललं. उलटं करून मागचा कोपरा वाचला. पुन्हा वाचला. मग मला उचललं.

माझी पाती जन्मात एवढी सुरळीत चालली नव्हती. त्याचा राग मला अजून आहे, आणि तो सगळाच काही पाद्रीबुवांवर नाही.

पंधरवड्याने केझायाबाईंनी पत्र परत मागितलं. कापलेला कोपरा बघून त्यांनी कागद पाद्रीबुवांपुढे धरला.

"सही कुठाय?"

"बिशपबाईंना दिली. फार मागे लागल्या होत्या."

"आणि मागची ओळ?"

"मागे काही होतं का? वय झालं गं, लक्षात नाही आलं."

"अख्खं बायबल पाठ आहे तुला, आणि बोटाखालची ओळ दिसली नाही?"

"चहा घेतेस?" पाद्रीबुवा म्हणाले.

केझायाबाईंनी घेतला नाही. बिशपबाईंना पत्र टाकलं. उत्तर आलं की सही उत्तम डिंकाने चिकटवली आहे, कडा अगदी बेमालूम बसल्या आहेत, आणि पान आता फारच शोभून दिसतं. केझायाबाई दगड खोदणाऱ्याकडेही जाऊन आल्या. तो म्हणाला, "बाईसाहेब, पाद्रीबुवांची चिठ्ठी आणा, नाहीतर गेलेल्या बाईंच्या हातचा कागद दाखवा." दोन्हीपैकी काहीच नव्हतं. चार वर्षांनी त्या गेल्या.

चरित्राच्या तीन आवृत्त्या निघाल्या. ते वाचून तुम्ही येता, 'किती गोड स्वभाव होता नाही!' म्हणता आणि दगडापुढे मान हलवता. गोड! ज्या बाईने एका मूर्खासाठी तीनदा पान कापलं, ती!

बिशपबाईही वारल्या, त्यांच्या सामानाचा लिलाव झाला. ती वही कुणाच्या घरी गेली, ठाऊक नाही. कदाचित तुमच्याच. हिरव्या कातडी बांधणीची जुनी वही असेल, तर उघडा. थिओडोरा विंचकोम ही सही सापडली तर कौतुक करत बसू नका. कोमट पाण्यात फडकं बुडवा, ते सहीवर ठेवा, डिंक सुटेपर्यंत थांबा. मग कागद बोटांनी हळूच उचला आणि उलटा करून वाचा. वाचलंत की तसेच दगड खोदणाऱ्याकडे जा.

आणि घाई झाली तरी कडेला कात्री लावू नका.