प्रिंटरला लावलेली वायर

दिरांच्या फोटो स्टुडिओत अल्बम मी बनवते, नाव मात्र त्यांचं लागतं. काल मी जेवायला गेले आणि वीज गेली. अशा वेळी यूपीएसने वायरीतून कॉम्प्युटरला कळवायचं आणि त्याने काम सेव्ह करून बंद व्हायचं, ही सोय मीच केलेली. पण निरोप पोचलाच नाही. बॅटरी संपली आणि अख्खा अल्बम पाण्यात गेला.

"वहिनींना नको ती हौस!" भाऊजी गिऱ्हाइकासमोर म्हणाले.

आज सकाळपासून डोकेफोड करतेय. सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं, वायरीचं टोक कॉम्प्युटरच्या या पोर्टातून त्या पोर्टात घातलं. पडद्यावर तेच: 'यूपीएस सापडत नाही'. शेवटी टेबलाखाली शिरले. वायरीचं दुसरं टोक यूपीएसला नव्हतंच. ते भाऊजींच्या नव्या प्रिंटरला होतं!

"भाऊजी, ही वायर तुम्ही काढलीत?"

"त्यात काय? दोन्हीकडे बसते की," माझ्याच खुर्चीत बसून टाइप करत ते म्हणाले.

शेजारच्या स्टुलावरचा प्रिंटर घरघरला. कागद माझ्या नाकासमोर बाहेर आला: 'वहिनींनी कॉम्प्युटरला हात लावू नये.'

दुसरी प्रत निघायच्या आत मी वायर उपटली. कॉम्प्युटरला हातसुद्धा न लावता.