हिकरीचं माप

पोर झोळीत झोपली की टेरीलिनला कसाबसा पाऊण तास मिळे. दोन भिंतींमध्ये दोर, दोरावर दुमडलेलं ब्लँकेट, त्यात सात महिन्यांची हेझल. खाली टेरीलिन मांडी घालून बसायची, पुढ्यात लॅक्रॉस या चेंडूच्या खेळाची काठी. पायाच्या अंगठ्याने झोळीला हेलकावा द्यायचा आणि हातांनी काठीच्या प्लास्टिकच्या तोंडात चामड्याच्या वाद्या ओवून चेंडूसाठी जाळी विणायची.

हेरॉन्स संघाच्या काठ्यांची जाळी बावीस वर्षं तिचा इर्विनमामा विणत होता. यंदा त्याची बोटं संधिवाताने आखडली. "माझी भाची विणेल," त्याने प्रशिक्षक नॉर्टनला सांगितलं. नॉर्टनने मान डोलावली, पण एकाच हंगामापुरती.

"आपल्यात बायकांनी काठीला हात लावायचा नसतो ना?" ल्यूथरने खोचकपणे विचारलं. ल्यूथर टेरीलिनचा मावसभाऊ. आठवडाभर उंच पुलांवर लोखंड जोडायचा आणि शनिवारी हेरॉन्ससाठी गोल मारायचा.

"लाकडाच्या काठीला," मामा म्हणाला. "ती काठी म्हणजे आपल्या पूर्वजांनी दिलेलं पवित्र औषध. हे प्लास्टिक कारखान्यातून येतं. तिथे कुणाकुणाचे हात लागले, तुला काय माहीत?"

डिसेंबरातला पहिला सामना. हॉकीच्या बंदिस्त मैदानातल्या बर्फावर हिरवा गालिचा अंथरलेला, स्टँड खचाखच भरलेले. शेवटच्या मिनिटांत समोरच्या प्रशिक्षकाने ल्यूथरच्या काठीवर हरकत घेतली. पंचाने लोखंडी माप काढलं आणि काठीच्या तोंडात घालून पाहिलं. ते शिरेचना. टेरीलिनने ओल्या वाद्या करकचून बांधल्या होत्या. थंड कोरड्या हवेत चामडं आक्रसलं आणि तोंड अरुंद झालं. ल्यूथर पाच मिनिटं बाहेर, तेवढ्यात दोन गोल झाले आणि सामना एका गोलाने गेला.

"बावीस वर्षांत इर्विनची एक काठी खोटी निघाली नाही," नॉर्टन तिला म्हणाला. आवाज चढवला नव्हता, म्हणून जास्तच लागलं. "आणखी एकदा असं झालं तर मी दुसरं माणूस बघेन."

त्या आठवड्यात मक्याचं सूपही तिच्या घशाखाली उतरेना. गुरुवारी मामा फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. आत हिकरीच्या लाकडाचा तळहाताएवढा तुकडा, गुळगुळीत घासलेला. आखडलेल्या बोटांनी चार दिवस कोरत होता तो. टेरीलिनने पुढे केलेला हात झटकन मागे घेतला.

"घाबरू नकोस, पोरी. ही काठी नाही, माप आहे. पंचाच्या मापाएवढंच. याला खुशाल हात लाव."

"मामा, तुझं नाव घालवलं मी."

"घालवलंस ना? मग आण परत. मला सूप वाढ आधी."

तेव्हापासून टेरीलिनने रीत बदलली. विणलेली काठी चार दिवस उघड्या ओसरीत थंडीत टांगायची, मग मापायची, वादी सैल करायची, पुन्हा टांगायची. हेझलला दात येत होते. माप हाती लागलं की ती त्याची कड चावत बसे. शनिवारी सामन्याआधी पोर पाठीशी बांधून टेरीलिन खेळाडूंच्या खोलीच्या दारात उभी राही. मापल्याशिवाय एक काठी बाहेर जात नसे.

"आली रे सीमेवरची कस्टमवाली!" पोरं ओरडत. "पासपोर्ट काढा! सफरचंदं लपवा!"

"तुझ्याकडे लपवण्यासारखा एक गोल तरी आहे का?" ती विचारी.

पहिल्या पाचांतले चार सामने हेरॉन्स हरले होते. मग गाडी रुळावर आली. जानेवारीत दोन जिंकले, फेब्रुवारीत सगळे. एप्रिलअखेर शेवटच्या चारांत आणि मे महिन्यात, रविवारी दुपारी, प्रेअरी किंग्जविरुद्ध अंतिम सामना, घरच्याच मैदानावर.

त्या दुपारी ल्यूथरची काठी मापात बसली नाही.

"गाठ ओढलीस?"

"एकच. फटका जोरात जातो." तो नजर चुकवत होता. "सोड ना, टेरी. फायनल आहे. माझा हात बसलाय त्या जाळीवर."

"हात बसलाय ना? मग तूही बसशील, पाच मिनिटं. आण इकडे."

"दहा मिनिटांत उतरायचंय!"

"मग हेझलला धर."

दोनशे पौंडांचा ल्यूथर पोर कडेवर घेऊन उभा राहिला. पोरीने त्याच्या नाकावर चापट मारली, खोली खदखदून हसली. टेरीलिन मात्र हसली नाही. तिने गाठ सोडली, वादी मक्याच्या अर्ध्या दाण्याइतकी सैल केली, पुन्हा बांधली. माप सरकलं. जाळीत चेंडू ठेवून काठी उलटी केली, चेंडू कुठे न अडकता अलगद तळहातात पडला.

"लोळागोळा झालीय," ल्यूथर पुटपुटला आणि काठी घेऊन गेला.

पहिले दोन फटके त्याने गोलाच्या खूप वरून मारले. दर वेळी त्याने स्टँडमध्ये बसलेल्या टेरीलिनकडे डोळे वटारून पाहिलं. तिसऱ्या भागात हात जुळला. खेळ संपायला दोन मिनिटं असताना त्याने बरोबरीचा गोल मारला, दहा-दहा. स्टँड नाचत होते, आणि किंग्जच्या प्रशिक्षकाने हात वर केला. काठीवर हरकत.

टेरीलिनच्या मुठीत हिकरीचा तुकडा होता. हेझलच्या दातांचे व्रण बोटांना लागत होते. शेजारी मामा डोळे मिटून बसला होता.

पंचाने लोखंडी माप काठीच्या तोंडात घातलं. ते सरकन गेलं. काठी उलटी केली, चेंडू टपकन गालिच्यावर. पंचाने काठी ल्यूथरला परत दिली आणि किंग्जच्या बाकाकडे बोट दाखवलं. हरकत खोटी, दोन मिनिटं एक खेळाडू कमी!

एक खेळाडू जास्त असलेले हेरॉन्स चेंडू फिरवत राहिले, फिरवत राहिले, आणि सतरा सेकंद उरले असताना ल्यूथरने कमरेजवळून फटका मारला. त्याच लोळागोळा जाळीतून. अकरा-दहा.

पुढचं टेरीलिनला नीट आठवत नाही. मामाने डोळे उघडलेच नाहीत, गालांवरून पाणी मात्र वाहत होतं. ल्यूथर चषक घेऊन कठड्यावरून चढून आला, हेझलला उचलून त्याने चषकातच बसवलं, आणि ओरडला, "कस्टमवालीचा विजय असो!"

नॉर्टन गर्दीतून वाट काढत आला. नव्या काठ्यांची जड पिशवी त्याने तिच्या पायाशी ठेवली. "डिसेंबरपर्यंत हव्यात. तुझ्याच हातच्या."

तेवढ्यात किंग्जचा उंच गोलरक्षक घामाने निथळत जवळ आला आणि लाजत म्हणाला, "ताई, माझीही जाळी विणून द्याल?"

टेरीलिन काही बोलायच्या आत मामा गरजला, "रांगेत उभा राहा म्हणावं! आधी घरच्यांच्या."