माझ्यापाशी अडकलेले केस

मी मोरीची जाळी बोलतेय. नाक मुरडू नका, तुमच्याही घरात माझी एखादी बहीण असेलच. पाणी जाऊ द्यायचं आणि बाकीचं अडवायचं, एवढंच माझं काम.

मी माणसांना पावलांवरून ओळखते. या घरात तीन जोड्या होत्या. सासूबाईंची भेगाळलेली, मुलाची रुंद आणि सुनेची, टपालकचेरीच्या खिडकीशी दिवसभर उभं राहून दुखणारी. मागल्या वर्षी सुनेची पावलं सुजली आणि नवल म्हणजे त्या महिन्यांत तिचे केस माझ्याकडे येईनासेच झाले. मला वाटलं, मीच कामात कमी पडतेय. मग टबात बसणारी चौथी जोडी आली, अगदी इवलीशी.

बाळ चार महिन्यांचं झालं आणि केस यायला लागले. एकदोन नाही, झुपकेच्या झुपके. कुणी ओढतंय का? की माझीच भोकं ओढ घेतायत? माझं डोकंच चालेना. तसं मला डोकं नाही म्हणा.

सून नळ मोठा सोडून रडायची. बाहेर कुणाला ऐकू जात नसे, पण मी तर तिच्या पायाशीच. एकदा ती पुटपुटली, "मला काही मोठं दुखणं असेल तर बाळाचं कोण करणार?"

मग तिने एक वेडेपणा केला. धुतलेच नाहीत तर गळणार नाहीत, असं ठरवून दहा दिवस केसांना पाणीच लावलं नाही. अकराव्या दिवशी न्हायली, तेव्हा सगळे एकदम माझ्यावर कोसळले. माझा जीव गुदमरला. पाणी तिच्या घोट्यापर्यंत चढलं.

प्लंबरकाका आले. त्यांनी मला उचकटून तारेने दोरीएवढी जट बाहेर ओढली. सून दारातच, लाजेने अर्धमेली.

"घरात तान्हं बाळ आहे का?" काकांनी विचारलं. तुम्हाला कसं कळलं, असं तिने विचारलं.

"तीस वर्षं मोऱ्या उपसतोय, ताई. बाळ चार-पाच महिन्यांचं झालं की बोलावणं येतं. वर्षाचं झालं की त्या घरचं थांबतं. तरी डॉक्टरांना दाखवा, मी आपला मोरीचा माणूस."

डॉक्टरीणबाईंनी तपासून तेच सांगितलं. पोटुशी असताना जे गळायचे राहिले, ते आता गळतायत; नवे येतील. सुनेने मोरीच्या दारातच सासूबाईंना हे सांगितलं.

"माझेही गेले होते," त्या म्हणाल्या. "वाटलं, मलाच काहीतरी झालंय. भीतीने कुणाला बोललेच नाही."

मला हे अजूनही पुरतं उमगलेलं नाही. केस आले की सुनेला काळजी आणि आले नाहीत तर मला काळजी. आता ते कमी येतात, एवढं खरं.

काल आंघोळीनंतर माझ्यावर एकच केस राहिला, बोटभर, मऊ. बाळाचे तसेच आणि सुनेच्या कपाळावर नवे उगवलेत तेही तसेच. कुणाचा, ते मला सांगता येईना. सुनेने वाकून तो उचलला, उजेडात धरला.

"हा तुझा की माझा गं?" तिने बाळाला विचारलं आणि हसली. नळ बंद होता, त्यामुळे तिचं हसणं मला स्पष्ट ऐकू आलं.

तुमच्या जाळीवर झुपका दिसला, तर वैतागू नका. आत कुणी नळ मोठा सोडलाय का, तेवढं ऐका आणि दार वाजवा.