वल्लं लुगडं

भोसरीच्या शिवारात दत्तोबाचा भुईमूग गवतानं गिळला होता. श्रावणाची झड काही केल्या हटत नव्हती. जरा उघडीप मिळाली की दत्तोबा बायांना खुरपणीला लावायचा आणि स्वतः बांधावर उभा राहायचा. त्या दिवशी नगरकडची रतनबाई एकटीच खुरपं घेऊन आली, तसा त्यानं सगळ्यांच्या देखत तिला हटकलं.

"आज सासूची पाळी व्हय? म्हंजे उद्या सून. एका म्यानात दोन तलवारी कशा मावायच्या?"

एकदोघी हसल्या. पदर आवळून रतनबाई खुरपणीच्या ओळीत आपल्या पातीला बसली.

आदल्या साली नगरकडं दुष्काळ पडला, तेव्हा गुरं विकून ही माणसं इकडं आली होती. रतनबाईचा मुलगा पिंपरीला औषधांच्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं तिथं दगड वाहायचा, आणि ती नि तिची सून तानाबाई भोसरीत शेतमजुरी करायच्या. दत्तोबाच्याच विहिरीपलीकडं, ओढ्याच्या कडेला त्यांचं खोपट होतं. दोघींच्या कामाला बोट लावायला जागा नव्हती. पण कधी जोडीनं यायच्या नाहीत. आज ही, उद्या ती. दोघींचं पटत नाही, एकीला दुसरीच्या शेजारी बसायचा राग, असं दत्तोबानं ठरवून टाकलं होतं. चावडीवर, दुकानात, जिथं माणूस भेटेल तिथं तो ही गंमत सांगायचा.

दिवस मावळताना त्यानं रतनबाईला बजावलं, की उद्या दोघी आल्या पाहिजेत, नाहीतर एकीनंही येऊ नये. तेवढ्यात पावसाची मोठी सर आली आणि बाया चिंब भिजून घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी चांगलं ऊन पडलं. सगळ्या बाया आल्या, पण सासूही नाही आणि सूनही नाही. दत्तोबाचं डोकं फिरलं. तो तडक ओढ्याकडं निघाला.

खोपटाच्या दाराला आतून पोत्याचं तरट बांधलेलं होतं. बाहेर निरगुडीच्या झुडपावर एक विटलेलं, ठिगळाचं लुगडं पसरलं होतं. त्यातनं पाणी ठिबकत होतं. दत्तोबाला ते दिसलं, पण त्यानं मनावर घेतलं नाही. उन्हं वर आली तरी झोपा काढता का म्हणून त्यानं आवाज चढवला आणि तरटाला हात घातला.

"पुढं येऊ नका, मालक," आतून तानाबाई म्हणाली.

"का? काय झालं?"

"लुगडं वल्लं हाय. वाळलं की एकजण येती. दोघींत एकच हाय."

दत्तोबाचा हात तरटावरनं गळाला. आत कोण कसं बसलं असेल ते त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं झटक्यानं पाठ फिरवली. मग म्हातारीचा आवाज आला, अगदी खालच्या सुरात.

"आमचं पटतंय, मालक. लई पटतंय."

शेतातनं जायचं त्याला धाडस झालं नाही. ओढ्याओढ्यानं तो घरी आला आणि ओट्यावर बसून राहिला. घरात त्याची थोरली बहीण दुर्गाबाई होती. दत्तोबाची बायको सुभद्रा वारली तेव्हापासून ही विधवा बहीणच त्याचं घर बघायची. तिनं काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा अडखळत त्यानं सांगितलं. दुर्गाबाई तांदूळ निवडत होती, ती निवडतच राहिली.

"आक्का, तुला ठावं व्हतं?"

"समद्या बायांना ठावं हाय. लुगडं बाया वळखत्यात."

"मग मला सांगायचं न्हाई?"

"तुला सांगून काय झालं असतं, दत्तू?"

सुभद्रेच्या वर्षश्राद्धाला आक्कानंच म्हटलं होतं, की तिची लुगडी कुणा गरजवंताला दे, पेटीत ठेवून कापड कुजतंय. त्यावर तो असा खवळला होता, की शेजारपाजार गोळा झाला. थोरल्या बहिणीला तो चारचौघांत नको ते बोलला होता. तेव्हापासून तिनं पेटीचं नाव काढलं नव्हतं.

तो आत गेला आणि पेटी उघडली. कडुलिंबाच्या पाल्यात सहा लुगडी होती. दर अमावस्येला तो ती स्वतः उन्हात घालायचा, स्वतः घडी करायचा. पोटी मूल नाही, बायकोचा फोटो नाही. सुभद्रा होती याची खूण म्हणून हेच काय ते मागं राहिलेलं. हिरव्याला चुलीतल्या ठिणगीचं भोक होतं. डाळिंबी लुगडं त्यानं कांद्याची गाडी विकून चाकणच्या बाजारातनं आणलं होतं, आणि एवढं भारी कशाला म्हणून ती दिवसभर फुगून बसली होती. संध्याकाळी मात्र तेच नेसून पाण्याला गेली होती.

त्यानं आधी सगळ्यात जुनी दोन बाजूला काढली. काढली आणि स्वतःचीच शरम वाटली. दारी आलेल्याला आपल्या ताटातली भाकरी देणारी बाई, आणि तिच्या नावानं आपण जुनेरं निवडतोय. मग त्यानं जुनी आत ठेवली, हिरवं आणि डाळिंबी उचललं आणि पेटी लावून टाकली.

"एकट्यानं जाऊ नगंस," दुर्गाबाई म्हणाली. "गड्यानं परक्या बाईला लुगडं दिलं तर गावाला तोंड फुटतं. मी येते."

दुर्गाबाई लुगडी घेऊन खोपटात गेली. दत्तोबा लांब पाठमोरा उभा राहिला. मनावरचं ओझं उतरल्यासारखं झालं होतं. खोटं कशाला बोला, आपण काहीतरी मोठं केलं असंही त्याला वाटून गेलं.

थोड्या वेळानं तानाबाई बाहेर आली. अंगावर हिरवं लुगडं होतं, डाळिंबी हातात.

"कुणाचं हाय, मालक?"

"माझ्या मंडळीचं."

तिनं कापडावरनं हात फिरवला. "फाडलं तर चालंल का? पलीकडच्या खोपटात माझी चुलत जाऊ हाय. तिचंबी आमच्यागतच हाय. ती दोन दीस भाईर आली न्हाई. नऊवाराचं सासूला नि तिला, दोघींना भागंल."

दत्तोबानं मान हलवली. तानाबाईनं दातांनी काठ तोडला आणि कापड दोन्ही हातांनी ओढलं. टर्रकन आवाज झाला. ते नेसून पाण्याला निघालेली सुभद्रा दत्तोबाच्या डोळ्यांपुढं आली. पण मरणाची लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. ही बाई हातात आलेलं पहिलं धड लुगडं अर्धं करून देत होती, आणि आपल्या पेटीत अजून चार होती.

"आक्का, तू बस हितं," तो म्हणाला. "मी आलोच."

दुसऱ्या दिवशी रतनबाई, तानाबाई आणि तिची जाऊ, तिघी जोडीनं शेतात आल्या. डाळिंबी रंग पातीत दोन ठिकाणी दिसत होता. इतर बायांनी बघितलं, पण कुणी काही विचारलं नाही. दत्तोबाला बांधावर उभं राहवेना. त्यानं एक खुरपं उचललं आणि बायांच्या ओळीच्या टोकाला जाऊन खाली मान घालून बसला. बाया हात थांबवून एकमेकींकडं बघू लागल्या.

रतनबाई थोडी बाजूला सरकली.

"सरा गं," ती म्हणाली. "मालकाला पात द्या."