फक्त अंक लिहावेत

विद्यार्थिनीचे नाव: फरहीन वाजिद तांबोळी, सांगवी. बी.एस्सी. दुसरे वर्ष, संख्याशास्त्र.

प्रकल्पाचा विषय: शेळगाव येथील मेंढीपालन. ऊस, ठिबक आणि दूध संकलन हे विषय माझा नंबर येईपर्यंत संपले होते.

प्रकल्प का: असा रकाना फॉर्मात नाही, मीच घातला. दिल्लीत नवं धोरण ठरलं की मुलांनी वर्गाबाहेर पडावं, लोकांकडून शिकावं. मुंबईत त्याचा शासन निर्णय निघाला, विद्यापीठानं पोर्टल केलं आणि बारामतीत आमच्या ऋषिराज सरांच्या गळ्यात एकशे दहा मुलं पडली. साठ तास, दोन श्रेयांक. शुक्रवारी पाचला पोर्टल बंद. सरांनी बजावलं होतं, श्रेयांक जमा नाहीत तर तिसऱ्या वर्षाचा प्रवेश अडकेल.

माहिती देणारे: म्हस्कू आबा. वय: त्यांच्या बायकोला, बानूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "म्हातारा झाला तवापासनं मोजायचं सोडलंय." शिक्षण: रकाना रिकामा सोडला की फॉर्म पुढं सरकेना. 'इतर' निवडलं.

नमुना संख्या (फक्त अंक लिहावेत):

इथं अडलं.

तास पहिला. मी वही उघडून विचारलं, मेंढ्या किती? आबा काठीला टेकून उभे होते. म्हणाले, "हायत की."

"किती?"

"पोरी, आमच्यात मेंढरं मोजत न्हायत. मोजली की कमी हुतात."

पशुगणनेला माणूस आला होता, त्याला काय सांगितलं ते विचारलं. त्याला म्हणे चहा पाजला आणि लिही तुझ्या मनानं म्हणून सांगितलं. मग माझ्याकडं बघून आबा म्हणाले, तू मात्र मोजू नको. मी बरं म्हणाले. संख्याशास्त्राच्या मुलीनं असा शब्द द्यायचा नसतो हे मला एसटीत बसल्यावर कळलं.

तास दुसरा ते विसावा. न मोजणं अवघड असतं. डोळे आपोआप मोजतात. सतरा-अठरापर्यंत आले की मी मान वळवून विहिरीकडं बघायचे.

सरांना फोन केला. ते म्हणाले, अंदाजे टाक, चाळीस टाक, कोण बघतंय. टाकलं असतं. पण तोवर मला दुसरंच काही कळून घ्यायचं होतं. मोजत नाहीत, तर एक हरवली हे आबांना कळतं कसं?

तास एकविसावा. आबांना सांगूनच एक चाचणी केली. त्यांनी डोळे मिटून कळपाकडं पाठ करायची. बानूबाईंनी एक मेंढी गोठ्यामागं न्यायची, नाहीतर कुठलीच न्यायची नाही. मग आबांनी वळायचं.

ते वळले. नजर एकदाच फिरली, पाण्यावरून वारा जावा तशी. "काळ्या कानाची न्हाय."

मी घड्याळ बघितलं. चार सेकंद.

पुढचे तास. कधी सकाळी, कधी चरून आल्यावर. लंगडी गेली, ओळखली. जुळ्यांतलं एक गेलं, ओळखलं. एकदा काहीच नेलं नव्हतं, तर म्हणाले, "उगं फसवू नगा, समदी हायत." कसं कळतं विचारलं की त्यांना सांगता यायचं नाही. तुझ्या घरात जेवायला कोण बसलं न्हाय ते तू मोजून बघती व्हय, असं उलट मलाच विचारलं.

अकरा वेळा चाचणी घेतली, अकराही बरोबर.

बाराव्या वेळी बानूबाईंनी परवा बाजारातून आणलेली मेंढी नेली. आबांची नजर फिरली. परत फिरली. "समदी हायत."

गोठ्यामागून मेंढी ओरडली. बानूबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. आबा हसले नाहीत. बराच वेळ त्या मेंढीकडं बघत राहिले.

"ती अजून आमची झाली न्हाय," ते म्हणाले.

शुक्रवार, साडेचार. सरांच्या टेबलाभोवती गर्दी. मी विषय बदलून आणला होता: कळपातील गैरहजर मेंढी न मोजता ओळखणे. नमुना संख्या: १२.

"बाराच मेंढ्या?"

"बारा चाचण्या, सर. अकरा बरोबर, एक चूक. चुकीचं कारण पान सातवर आहे."

सर उभ्याउभ्याच पान सात वाचायला लागले. मागची मुलं घड्याळ दाखवत होती. सर खाली बसले, पान परत पहिल्यापासून वाचलं. मग विषय खोडून नवा टाइप केला, रकान्यात १२ भरलं आणि बटण दाबलं. पोर्टलनं घेतलं. दोन श्रेयांक.

"आता आपल्या आपल्यात सांग," सर हळू आवाजात म्हणाले, "कळपात आहेत किती?"

"मोजल्या नाहीत, सर."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. मला वाटलं, आता रागावतील.

"बरं," ते म्हणाले, "नवी मेंढी ओळखीची व्हायला किती दिवस लागतात?"

ते मला माहीत नव्हतं. साठ तास भरले होते, पोर्टल बंद होत होतं. शनिवारी सकाळी मी शेळगावची एसटी धरली.