फेदेरेसी मुकुरूला बघायला जाते

केम्बाबाझीनं आईच्या तोंडावर मास्क बांधला आणि फेदेरेसीनं तो लगेच हनुवटीखाली ओढला.

"मला काय झालंय तोंड झाकायला?"

"तुला काही झालेलं नाही. पण आपली साधी सर्दीसुद्धा गोरिलांच्या जिवावर उठते, आई."

"एवढाले धिप्पाड, आणि माझ्या शिंकेला घाबरतात!"

तिनं मास्क वर चढवला, पण तोंड काही बंद केलं नाही. बविंडीच्या जंगलाला लागूनच तिचं ज्वारीचं आणि केळीचं शेत होतं. केळीचे खांब सोलून खाणाऱ्या या मंडळींना बांधावरून शिव्या देण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. त्यांच्या घरी पाहुणी म्हणून जाण्याची वेळ मात्र पहिल्यांदाच आली होती.

वेळ आली होती ती लेकीमुळे. शनिवारी रुकुंगिरीहून तिला बघायला माणसं येणार होती. मुलगा सिमेंटच्या दुकानाचा मालक, पीत नाही, आवाज चढवत नाही. अट एकच, लग्नानंतर मुलीनं गोरिलांच्या मागावर राहायची जंगलातली नोकरी सोडायची. याआधीची दोन स्थळं केम्बाबाझीनं याच अटीवरून परतवली होती. या खेपेला आईचं रडणं तिला बघवेना. शेवटी तिनं शब्द दिला होता, एकदा माझ्याबरोबर आत ये, कळपाच्या म्होरक्याला, मुकुरूला बघ, मग तू म्हणशील तसं. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना आत न्यायची परवानगी आज मिळाली होती. केम्बाबाझी सकाळपासून धड जेवली नव्हती.

पुढं बारिगये कोयत्यानं वेली तोडत वाट काढत होता. तो केम्बाबाझीचा कामावरचा जोडीदार, शेजारच्याच घरातला.

"मावशी, जरा पाय उचला. अशा चाललात तर ती मंडळी जेवून झोपतील."

"तुला चालायला मी शिकवलंय, बारिगये. आता तू मला शिकव."

चढ सरता सरता बारिगयेनं हात वर केला. केम्बाबाझी पुढं झाली, खाली बसली आणि घशातून खोल हुंकार काढला, म्हातारी माणसं एकमेकांची खुशाली विचारताना काढतात तसा. झाडीतून तसाच हुंकार परत आला.

फेदेरेसी जागच्या जागी थबकली.

समोर एक मादी बसली होती. काटेरी देठ ती इतक्या निगुतीनं सोलत होती की सालीचा एक धागा मागं राहत नव्हता. तिचं पोर वेलीला लोंबकळत होतं. ते निसटलं, तसा तिनं मान न वळवता हात लांबवला, पोराचा पाय धरून त्याला मांडीवर घेतलं आणि पुन्हा देठ सोलायला लागली.

"बघ, बघ," फेदेरेसी कुजबुजली. "माझ्या सुनेला सात जन्मांत जमणार नाही."

मादीनं केम्बाबाझीकडे एकदा पाहिलं. घरातलंच कुणी आलंय अशा नजरेनं पाहिलं आणि खाणं चालू ठेवलं. फेदेरेसीनं ते पाहिलं. मग ती लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली, गोरिलांपेक्षाही जास्त वेळ.

तेवढ्यात झुडपं हलली आणि मुकुरू बाहेर आला. काय ते रूप! पाठीवरचे रुपेरी केस दवानं ओले, खांदे दाराएवढे रुंद, आणि चाल अशी की घाई म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नसावं. केम्बाबाझीनं त्याला वर्षानुवर्षं पाहिलं होतं, तरी तिचा श्वास क्षणभर अडकला. तो सरळ त्यांच्याच वाटेनं येत होता. तिनं आईला बाजूला घ्यायला हात पुढं केला.

पण फेदेरेसी आधीच वाट सोडून उतरली होती. तिनं शाल डोक्यावरून पुढं ओढली, त्याच्याकडे पाठ केली आणि खाली मान घालून झाडाशी उभी राहिली. मुकुरू तिच्या मागून शांतपणे निघून गेला. लांब जाऊन बसला, पानं ओरबाडून खाऊ लागला, तरी ती वळली नाही.

"मावशी, बघा की आता," बारिगये म्हणाला.

"मी बरी आहे इथंच."

परत फिरायची वेळ होईपर्यंत ती तशीच उभी राहिली. केम्बाबाझीला शनिवार डोळ्यांपुढं दिसू लागला होता.

उतारावर तिला राहवेना.

"एवढी घाबरलीस?"

"घाबरू कशाला?" फेदेरेसीनं मास्क काढून घडी घातली. "तुझा बाप वाटेत दिसला की तुझी आजी काय करायची?"

केम्बाबाझीला आठवलं. आजी ज्वारीत शिरायची आणि बाबा पार दिसेनासे होईपर्यंत पाठ करून उभी राहायची. इथल्या रीतीनं सासू जावयाच्या तोंडाकडे बघत नाही.

मायलेकींना बोलू द्यावं म्हणून बारिगयेला एकाएकी पुढची वाट साफ करायची घाई झाली.

"रुकुंगिरीला निरोप धाडते मी. येऊ नका म्हणावं," फेदेरेसी म्हणाली. "त्या पोराचंही बरं होऊ दे कुठंतरी."

"आई..."

"हात धर, निसरडं आहे. आणि मला बघायची बंदी आहे, तुला नाही ना? मग सांग की, कसा दिसतो तो?"

केम्बाबाझीनं आईचा हात धरला. मग ती सांगू लागली, आधी त्याच्या हातांबद्दल.